शिक्षकाचा शीण : कामाची रचना आणि मनाची होरपळ

शिक्षणाच्या इतिहासात वर्धा या नावाला जे स्थान मिळाले ते १९३७ सालच्या परिषदेमुळे. त्या वर्षी २२ व २३ ऑक्टोबर रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तीतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेली. या समितीने मांडलेली योजना ‘वर्धा योजना’ वा ‘नई तालीम’ म्हणून ओळखली जाते. आपल्या चळवळीतील वाचकाला या योजनेविषयी शंका वाटत आली आहे व ती अकारण नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कामातच डांबून ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलाने शाळेतही सूत कातावे आणि त्या सुताच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, हा विचार त्याला रुचणे कठीण होते. परंतु त्या अहवालाचा एक भाग मतभेद बाजूस ठेवून वाचण्याजोगा आहे. शिक्षक हाही एक श्रम करणारा माणूस आहे, हे तेथे गृहीत धरलेले होते. एका शिक्षकाकडे तीसपेक्षा अधिक मुले देऊ नयेत, त्याचे मासिक वेतन शक्य तर २५ रुपये व कोणत्याही परिस्थितीत २० रुपयांहून कमी नसावे, शाळेचा दिवस साडेपाच तासांचा असावा, असा हिशेब त्या समितीने मांडला होता. इतकेच नव्हे, तर शाळेच्या आर्थिक बाजूवर अवास्तव भर दिला गेला तर शैक्षणिक हेतू बाजूला पडेल, असा इशाराही तिने दिला होता.

त्यानंतर मुलाने काय शिकावे याविषयी अमाप लिहिले गेले. शिकविणाऱ्याच्या शरीरावर व मनावर या कामाचा काय परिणाम होतो, याविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले. शिक्षकदिनी हार घालावयाचा आणि उरलेले वर्षभर ‘गुरुजींना सुट्ट्याच फार’ म्हणावयाचे, एवढ्यावर समाजाचा विचार थांबतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित बाजूचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. इंग्रजीत ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात ती अवस्था साध्या थकव्याहून भिन्न आहे. न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द शास्त्रीय चर्चेत आणला. मोफत चालणाऱ्या दवाखान्यात मनापासून काम करणारे स्वयंसेवक काही काळाने कोरडे, चिडचिडे व निरुत्साही होतात, असे त्यांना आढळले. जो मुळात पेटलेलाच नव्हता तो जळून विझणार कसा? ही अवस्था प्रामुख्याने तळमळीच्या माणसाला गाठते, कामचुकाराला नव्हे. पुढे क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने या अवस्थेची तीन अंगे निश्चित केली व १९८१ साली ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात हीच तीन अंगे स्वीकारली. पहिले अंग म्हणजे शक्ती पूर्णपणे संपल्याची भावना. दुसरे, कामापासून व ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्यापासून मनाने दूर जाणे. तिसरे, आपल्या हातून काहीच होत नाही अशी खात्री पटत जाणे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. ती कामाशी निगडित अशी अवस्था आहे, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते, असे तिचे म्हणणे आहे. म्हणजे कारण शोधावयाचे ते कामाच्या ठिकाणी.

ताण आणि बर्नआउट यांतील फरकही असाच समजून घ्यावा. परीक्षेच्या दिवसांत येणारा ताण परीक्षा संपली की ओसरतो. दिवाळीच्या सुटीनंतरही जेव्हा पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पाय जड होतात, मुलांचा गलका असह्य वाटतो, काल ज्या मुलाच्या प्रगतीने आनंद होत असे त्याच्याविषयी आज काहीच वाटत नाही, तेव्हा तो केवळ ताण राहिलेला नसतो.

शिक्षकाच्या कामात असे काय आहे की ज्यामुळे ही अवस्था इतर अनेक नोकऱ्यांपेक्षा त्याला लवकर गाठते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या अभ्यासावरून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. स्वतःच्या मनात काही असो, चेहरा व शब्द मात्र कामाला आवश्यक तेच ठेवावयाचे, हेही श्रमच होत. परंतु या श्रमाची मजुरी कोणी मोजत नाही. वर्धा जिल्ह्यातील शिक्षकाच्या बाबतीत हा श्रम किती असेल याची कल्पना करावी. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांमुळे स्वतंत्र पॅकेज जाहीर करावे लागले होते. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्या घराची चूल अवलंबून आहे, त्या घरातील मूल शाळेत येते. बाप गेलेले मूल येते. जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी असली तरी ज्याच्या घरात रात्री दारूने धिंगाणा झाला, असेही मूल येते. आईवडील मजुरीसाठी परगावी गेले म्हणून आजीजवळ राहिलेले मूल येते. शिक्षकाने या सर्वांना ‘बेरीज करा’ म्हणावयाचे असते. परंतु त्याआधी त्याला त्या मुलाच्या डोळ्यांत पाहावे लागते. स्त्रीशिक्षिकेच्या बाबतीत घरी परतल्यानंतर दुसरी पाळी सुरू होते, हे वेगळे सांगावयास नको.

एवढे असले तरी मुलांमुळे शिक्षक विझतो, असे म्हणता येत नाही. कोणत्याही खेड्यातील शिक्षकाला विचारावे. ‘वर्गात असतो तेवढा वेळच बरा जातो’ असे तो सांगेल. खरी होरपळ वर्गाच्या बाहेर आहे.

उदाहरणार्थ, पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने (तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला) प्राथमिक स्तरावर साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. गावात पटावर चोवीस मुले असतील तर कागदावर एका शिक्षकामागे बारा मुले येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की याहून सुखाची नोकरी नाही. प्रत्यक्षात इयत्ता चार आहेत, प्रत्येकीचे विषय निराळे आहेत, आणि एका खोलीत दोन इयत्ता बसलेल्या आहेत. एका इयत्तेला गणित सांगताना दुसरीला लेखन द्यावयाचे व मध्येच वळून पाहावयाचे, असे दिवसभर चालते. दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, केंद्राच्या बैठकीला किंवा पंचायत समितीत माहिती द्यायला गेला की उरलेल्याकडे चारही इयत्ता येतात. मुख्याध्यापकाचे कामही त्या दोघांपैकीच एकाकडे असते. सरासरीचा आकडा हा भार झाकून टाकतो.

त्यावर कागदांची भर. शालेय पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, यू-डायसची माहिती, २०१५ पासून सरल प्रणाली, विद्यार्थ्यांचे आधार जोडणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेश, छायाचित्रे. पूर्वी टपाल आठवड्याने येई. आता भ्रमणध्वनीवरील गटात रात्री नऊला संदेश येतो आणि ‘सकाळी दहापर्यंत माहिती सादर करावी’ असे त्यात असते. यातील बहुतेक कामे स्वतंत्रपणे पाहिली तर क्षुल्लक व उपयुक्तही आहेत. पोषण आहार तर आपल्या लेकरांच्या तोंडचा घास आहे. त्याचा हिशेब चोख असलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो लिहिण्यासाठी लिपिक का नसावा? कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक ही कामे सोडून शिक्षकास अशैक्षणिक कामास जुंपता येत नाही. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली शैक्षणिक व अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण केले. तथापि अपवादांचीच व्याप्ती इतकी मोठी आहे, आणि उरलेल्या कामांवर ‘शैक्षणिक’ अशी मोहोर उमटविणे इतके सोपे आहे, की कलमाचा आधार शिक्षकाला क्वचितच मिळतो. मतदारयाद्यांचे काम तर वर्षभर पुरते. १९३७ च्या समितीला सुताचा हिशेब शिक्षणाला गिळून टाकील अशी भीती होती. सुताच्या जागी आज माहितीचे रकाने आले आहेत, एवढाच भेद.

वेतन व शाश्वती यांविषयी समाजात मोठा गैरसमज आहे. ‘शिक्षकाला भरपूर पगार’ हे वाक्य जुन्या, कायम शिक्षकाच्या बाबतीत खरे आहे. परंतु महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर काम करावयाचे. प्राथमिक शिक्षण सेवकाचे हे मानधन पुष्कळ वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,००० झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारण्यात आली, आणि तीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. सर्वांत दारुण स्थिती विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची. २००१ च्या धोरणाने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळा उघडल्या गेल्या. २००९ साली त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला, पण अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी आणि तेही अनेक वर्षे रखडत आले. दहा-पंधरा वर्षे वेतनाविना वा नाममात्र वेतनावर शिकविणारा माणूस वर्गात स्वाभिमानाचा धडा शिकवितो आणि सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात राबतो. त्याच्या मनाची होरपळ मोजायला प्रश्नावलीची गरज नाही.

यात आता परीक्षेची भर पडली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने, पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. शिक्षकाची पात्रता तपासली जावी याविषयी दुमत नसावे; गरिबांच्या मुलांना कच्चा शिक्षक देणे हाही अन्यायच आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या पन्नाशीच्या शिक्षिकेला नोकरी जाण्याच्या भीतीने रात्री अभ्यास करावा लागणे हा ताण किती मोठा आहे, हे निदान घरच्या माणसांनी तरी ओळखावे.

अशा वेळी बहुधा उपदेश केला जातो की मन शांत ठेवा, ध्यान करा, समतोल साधा. आपल्याकडे यासाठी सोण कोळिविस याची कथा हमखास सांगितली जाते. अंगुत्तर निकायात ती आहे. सोणाने चंक्रमण करताना इतका अतिरेक केला की पायांतून रक्त आले; तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला तो पूर्वी वीणा वाजवीत असे याची आठवण देऊन विचारले की तार अति ताणली किंवा अति सैल सोडली तर वीणा वाजते काय? कथा सुंदर आहे, परंतु शिक्षकाला ती सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. सोणाच्या वीणेच्या खुंट्या सोणाच्याच हातात होत्या. किती चालावे व केव्हा थांबावे हे त्याला ठरविता येत होते. शिक्षकाच्या वीणेच्या खुंट्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या ठिकाणी आहेत. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ साली कामाच्या ताणाविषयी मांडलेला सिद्धान्त नेमका हाच आहे. काम खूप असल्याने माणूस तितका खचत नाही. काम खूप आणि त्यावर स्वतःचा अधिकार मात्र नाही, या जोडीने तो अधिक खचतो. आनापानसतीने शिक्षकाला झोप लागेल, राग आवरता येईल. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिने रात्री नऊचा संदेश थांबत नाही. ज्याचे कारण बाहेर आहे त्याचा उपाय फक्त आत शोधणे हे कार्यकारणभावाला धरून नाही.

आतील बाजूविषयीही धम्मसाहित्यात एक सूक्ष्म भेद केलेला आहे आणि तो येथे फार उपयोगी पडतो. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात चार ब्रह्मविहारांच्या निकटच्या शत्रूंचा विचार केला आहे. जो गुणासारखाच दिसतो पण गुण नसतो, तो निकटचा शत्रू. करुणेचा निकटचा शत्रू म्हणजे दुःखात बुडून जाणारा शोक, आणि उपेक्षेचा निकटचा शत्रू म्हणजे अज्ञानातून येणारी बेफिकिरी. विझत चाललेल्या शिक्षकाचा प्रवास या दोन शत्रूंच्या वाटेनेच होतो. प्रारंभी तो प्रत्येक मुलाचे दुःख घरी घेऊन जातो आणि त्यालाच करुणा समजतो. ते असह्य झाले की ‘आपण काय करणार, ह्यांचे असेच’ असे म्हणू लागतो व त्यालाच समता समजतो. मास्लाक यांनी सांगितलेले दुसरे अंग, म्हणजे मनाने दूर जाणे, ते हेच. आपल्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे अंगही हेच होय. कारण ‘ह्यांचे असेच’ या शब्दांना आपल्या देशात जातीचा जुना वास आहे. थकलेल्या माणसाच्या तोंडी ते सहज येतात आणि ऐकणारे मूल ते जन्मभर विसरत नाही. ज्यांना पर्याय आहे त्यांनी आपली मुले खाजगी इंग्रजी शाळांत नेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती बव्हंशी मजुरांची, बौद्धांची, आदिवासींची, भटक्यांची मुले. शिक्षक विझला तर अंधार त्यांच्याच वर्गात होणार आहे.

काम देणाऱ्याने काम करणाऱ्याशी कसे वागावे, हे सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला सांगितले आहे. शक्ती पाहून काम सोपवावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि योग्य वेळी सुटी द्यावी, ही ती पाच कर्तव्ये होत. त्याच सुत्तात गुरूची शिष्याप्रति पाच कर्तव्येही आहेत. आपण शिक्षकाला दुसरी यादी नेहमी ऐकवितो. पहिली यादी त्याला काम देणाऱ्यांना कोणी ऐकवीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. श्रमाला मर्यादा असते आणि ती कायद्याने आखावी लागते, हे तत्त्व त्यामागे आहे. शिक्षणहक्क कायद्यानेही शिक्षकासाठी पूर्वतयारी धरून आठवड्याचे ४५ तास ठरविले आहेत. परंतु कारखान्याला भोंगा असतो. शिक्षकाच्या भ्रमणध्वनीला तो नाही.

आता आपल्या घरातील गोष्ट. बौद्ध समाजात शिक्षक ही पुष्कळ कुटुंबांची पहिली सरकारी नोकरी होती. त्या एका पगारावर भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, विहाराच्या विटा आल्या. आजही खेड्यात बौद्ध शिक्षक म्हटला की जयंतीचा अध्यक्ष तोच, वर्गणीचा पहिला आकडा त्याचाच, वर्षावासात ग्रंथवाचन त्याच्याकडेच, तहसिलीतील अर्ज लिहिणाराही तोच. शाळेत मात्र एखादे वेळी त्याच्या हातच्या पाण्याचा प्रश्न अजून निघतो, किंवा ‘सवलतीतून आलेला’ ही कुजबुज कानावर येते, म्हणून त्याला इतरांपेक्षा दुप्पट चोख राहावे लागते. या दुहेरी ओझ्याची मोजदाद कोणत्याही पाहणीत होत नाही. समाजाचे ऋण फेडावे हे खरेच. पण ते फेडण्याची सर्व जबाबदारी एकाच्याच माथी का? विहारातील सायंकाळचे अभ्यासवर्ग महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणतरुणींनी चालवावेत, हिशेबवही दुसऱ्याने लिहावी. पात्रता परीक्षेला बसणाऱ्या शिक्षकांसाठी त्याच विहारात वाचनाला एक शांत खोली मिळाली तर तेही कमी नाही.

घरच्यांनी व सहकाऱ्यांनी काही लक्षणे ओळखावीत : रविवारी सायंकाळपासून अस्वस्थता, झोप तुटणे, सतत बसलेला घसा व डोकेदुखी, मुलांविषयी उपहासाची भाषा, हात उगारला जाणे (शारीरिक शिक्षेला कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, ती मुलाला वाचविते तशी शिक्षकालाही स्वतःची अवस्था दाखविते). सुटीतही उदासी न हटल्यास, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटल्यास किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आल्यास तो केवळ बर्नआउट न समजता नैराश्याचा आजार असू शकतो, असे मानून विनाविलंब डॉक्टर गाठावा. सेवाग्राम व सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. तेथे जाण्यात वेडेपणाचा शिक्का नाही.

कामाच्या रचनेत हात घालावयाचा तर एक दार आपल्याला कायद्यानेच उघडून दिले आहे, आणि ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत हे पालक आपलेच आहेत. सभेच्या वहीवर अंगठा वा सही करून उठण्याऐवजी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात गुरुजी वा बाई किती दिवस वर्गाबाहेर होत्या आणि कोणत्या कामासाठी? ते काम कलम २७ मध्ये बसते काय? दोघांपैकी एक जण रजेवर गेल्यास बदली शिक्षक कोण? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत व त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. शिक्षकाने हीच तक्रार केली तर ती रडगाणे ठरते आणि कधी कधी त्याच्या अंगाशी येते. पालकांच्या समितीने ठराव केला तर त्याला उत्तर द्यावे लागते.